परागाचें वावडें आणि जिभेखालचें औषध

भाद्रपद सरून आश्विन लागला कीं नाशिकचें आकाश निवळतें, गोदाकांठची सकाळ आल्हाददायक होते, आणि नेमक्या त्याच वेळीं कित्येक घरांत शिंकांची सरबत्ती सुरू होते. डोळे चुरचुरतात, नाक वाहतें, रात्रीं झोंप लागत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, "पडसें आहे, जाईल." परंतु दरवर्षीं ठराविक ऋतूंत येणारें आणि ज्वरावांचून आठवडेच्या आठवडे रेंगाळणारें हें पडसें पुष्कळदां परागकणांचें वावडें असतें.

पावसानंतर गवतें फुलतात. त्यांत गाजरगवताची भर पडली आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यांत दृष्टीस पडलेलें हें परदेशी तण आज ओसाड जागा आणि रस्त्यांच्या कडा व्यापून बसलें आहे. पराग स्वतः निरुपद्रवी. पण कांहींच्या शरीराला तो शत्रू वाटतो. दारीं आलेल्या पाहुण्याला चोर समजून रखवालदारानें सारा वाडा डोक्यावर घ्यावा, तसा हा प्रकार होय.

रखवालदाराला पाहुण्याची हळूहळू ओळख करून द्यावी, हीच या उपचारामागील कल्पना. १९११ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांतील लिओनार्ड नून यांनीं गवताच्या परागाचा अर्क अल्प मात्रेंत टोंचून, ती क्रमानें वाढवीत नेल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें सुईऐवजीं तोच अर्क थेंबांच्या वा गोळीच्या रूपानें जिभेखालीं ठेवण्याची पद्धत पुढें आली. तेथील नाजूक अस्तरांतील पेशी तो टिपून घेतात आणि शरीराला सहनशीलतेचा धडा देतात. २०१४ सालीं अमेरिकेनें गवताच्या परागाच्या अशा गोळ्यांना अनुमति दिली. गवताच्या परागाविषयीं पुरावा भक्कम आहे. प्रत्येक परागाविषयीं तो तितका नाहीं. म्हणून वावडें नेमकें कशाचें, हें त्वचेच्या वा रक्ताच्या चांचणीनें आधीं ठरविलें पाहिजे.

पहिली मात्रा वैद्यकीय देखरेखीखालीं घेऊन अर्धा तास तेथेंच थांबावें. तोंडाला थोडी खाज सुटणें हा प्रारंभींचा नेहमींचा अनुभव. परंतु श्वास लागल्यास तात्काळ साहाय्य घ्यावें. दमा आटोक्यांत नसणाऱ्यानें हा उपचार आरंभूंच नये.

खरी कसोटी मात्र निराळीच आहे. हें शिंक आल्यावर घेण्याचें औषध नव्हे. ऋतूपूर्वीं तीन-चार महिने तें सुरू करावें लागतें. म्हणजे आश्विनांत त्रासणाऱ्यानें ज्येष्ठांतच, जेव्हां शिंकांची आठवणही नसते. शिवाय तें साधारण तीन वर्षें चालवावें लागतें. एका वर्षीं बरें वाटलें कीं पुष्कळजण बाटली बाजूला ठेवतात, आणि पदरीं पडूं पाहणारें फळ हातचें घालवितात. पूर्ण अवधि पाळणाऱ्यास औषध थांबल्यावरही कांहीं काळ लाभ टिकूं शकतो.

यास्तव यंदा पहिली शिंक येईल तो दिवस भिंतीवरील दिनदर्शिकेंत टिपून ठेवावा. पुढील ज्येष्ठांत तीच नोंद वैद्यांपुढें ठेवावी. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.