सगुणेचे सोळावे वर्ष

आपल्या वऱ्हाडात ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी. अकोला, वाशीम, यवतमाळ या ठिकाणी मिशनची जुनी ठाणी, आणि त्यांच्या आसऱ्याने वसलेली काही घरे. वाशीमहून पुसदकडे जाताना लागणाऱ्या आमच्या अनसिंगसारख्या गावात असे एखादे घर असलेच, तर त्या घरच्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. "तुम्ही ख्रिस्ती केव्हा झालात?" विचारणाऱ्याच्या मनात काही वावगे असते असे नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने याला उत्तर काय द्यायचे? ते कधी काही 'झालेले' नसते. झाला असेल त्याचा आजा, नाहीतर पणजा. याचा फक्त त्या घरात जन्म झालेला असतो.

गंमत पाहा. मराठीतले ख्रिस्ती वाङ्मय म्हटले की आपल्याला आठवतात ते ख्रिस्ती 'झालेले' लोक. बाबा पदमनजींनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला आणि त्या सगळ्या घालमेलीची हकीकत 'अरुणोदया'त लिहिली. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि त्यामुळे घरात काय वादळ उठले ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त सांगितले. ही पुस्तके थोरच आहेत. पण वादळ शमल्यावर त्या घरात जी मुले वाढली, त्यांचे काय? त्यांचे रोजचे जगणे कसे होते? त्यांना काय सलत होते? आज मी तुम्हाला अशाच एका मुलीची ओळख करून देणार आहे.

तिचे नाव कृपाबाई. माहेरचे आडनाव खिस्ती. रेडिओवर कदाचित ऐकण्यात चूक होईल म्हणून मुद्दाम सांगतो, हे आडनाव 'ख्रिस्ती' या शब्दावरून आलेले नाही. ते जुने ब्राह्मणी आडनाव आहे. जन्म 1862 सालचा, अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. वडील हरिपंत आणि आई राधाबाई हे दोघे ब्राह्मण कुळातले, पुढे ख्रिस्ती झालेले. मोठ्या गोतावळ्याचे घर, चौदा भावंडे. वडील लवकरच गेले आणि संसाराचा भार आईवर आला.

नगर हे त्या काळी अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. 'ज्ञानोदय' हे पत्र 1842 साली तिथेच निघाले. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा तिथलीच. ती पाहून आल्यावर जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार पक्का झाला, हे आपण जाणतोच. अशा गावात आणि अशा घरात ही मुलगी वाढली.

पुढे तिने आपल्या आयुष्यावर एक कादंबरी लिहिली, 'सगुणा'. ती 1887-88 मध्ये 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'मधून क्रमशः आली आणि 1895 साली पुस्तकरूपाने निघाली. कादंबरी आहे, तेव्हा तिच्यातली प्रत्येक ओळ रोजनिशीसारखी धरून चालणार नाही. पण नायिकेच्या आयुष्याचा सांगाडा लेखिकेचाच आहे, हे सर्वमान्य आहे.

आता या सगुणेच्या घरात डोकावून पाहू. आपल्याला वाटते, ख्रिस्ती घर, म्हणजे मुलीला मोकळीक असणार. तसे नाही, बरं का. आई राधा नवऱ्याच्या मागोमाग नाइलाजाने आलेली. नवा धर्म तिच्या मनात सावकाश, फार सावकाश रुजला. जुने वळण तर हाडीमाशी खिळलेले. मुलीच्या जातीने घरकाम शिकावे, पुस्तकात डोके घालून बसू नये, हे तिचे मत. शेजारच्या ब्राह्मण घरची आई जे म्हणाली असती, तेच हीही म्हणते. देव्हारा गेला, पण चुलीपुढची शिस्त गेली नाही! सगुणा मात्र थोरल्या भावांचा अभ्यास चालला असताना कान देऊन बसायची, आणि ऐकता ऐकताच शिकायची.

या घरात तिचा खरा गुरू म्हणजे थोरला भाऊ भास्कर. तो तिला वाचून दाखवतो, डोंगरात आणि रानात हिंडायला नेतो, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. आपण ख्रिस्ती आहोत याची लाज बाळगायची नाही आणि आपण या देशाचे आहोत हेही विसरायचे नाही, या दोन्ही गोष्टी तो तिच्या मनावर ठसवतो. तिच्या कोवळ्या वयातच हा भाऊ जातो. तो घाव तिच्या मनातून कधी पुसला गेला नाही.

मग ती शिकायला मुंबईला मिशनच्या वसतिगृहात येते, आणि तिथे तिला निराळेच टोचू लागते. हिंदू मंडळी तिला परकी समजतात, हे तिला ठाऊक होते. पण ज्यांचा धर्म आणि तिचा धर्म एक, त्या गोऱ्या मिशनरी बायाही तिला आपल्यातली समजत नाहीत! एतद्देशीय ख्रिस्ती म्हणजे हात धरून चालवायची लेकरे, त्यांनी आपली पायरी ओळखून असावे, अशी त्यांच्या वागण्यातली तऱ्हा. सगुणेला ते सोसत नाही. प्रार्थनेला शेजारी बसणारी माणसे दिवाणखान्यात शेजारी बसवून घेत नसतील, तर त्या प्रार्थनेचा अर्थ काय? या वयातल्या मुलीचा हा विचार तुम्हा-आम्हाला लहान वाटेल काय? मला तरी वाटत नाही. आपल्या धर्माशी इमान राखून त्या धर्माच्या थोरांना जाब विचारणे, हे धैर्याचेच काम आहे.

मुंबईत डॉक्टरकीचे वेड तिच्या मनाने घेतले. विलायतेला जाऊन वैद्यक शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळत होती. पण प्रकृती तोळामासा, तिकडची थंडी मानवणार नाही, म्हणून डॉक्टरांनी मनाई केली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार तेव्हा मुलींना उघडलेले नव्हते. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या मेडिकल कॉलेजने मात्र 1875 पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. तेव्हा ठरले, मद्रासला जायचे. साल 1878. मुलीचे वय सोळा.

अनसिंगची मुलगी आज वाशीमला किंवा अकोल्याला शिकायला निघाली, तरी घरच्यांचा जीव खालीवर होतो. ही तर मुंबईहून मद्रासला निघाली. सोलापूर-रायचूरवरून दोन्हीकडचे लोहमार्ग जोडले जाऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. तिकडची भाषा निराळी, अन्न निराळे, ओळखीचे माणूस कोणी नाही. तिला आसरा मिळाला रेव्हरंड सत्यनाधन यांच्या घरी. त्यांच्या पत्नी अ‍ॅना सत्यनाधन मुलींच्या शाळा चालवीत आणि तमिळमध्ये पुस्तके लिहीत. या घरात कोणी तिला पायरी दाखवली नाही. आपल्याच देशातले, आपल्याच धर्माचे, शिकलेले, ताठ मानेने वागणारे माणूस तिला परमुलखात भेटले. मला वाटते, या सगळ्या प्रवासाची खरी कमाई ती हीच.

कॉलेजात तिने पहिल्या वर्षी बक्षिसे मिळवली. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्या 1883 साली. त्याच्या पाच वर्षे आधी ही मराठी मुलगी मद्रासला वैद्यकाच्या वर्गात बसली होती, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? आनंदीबाईंना सगळा महाराष्ट्र ओळखतो, आणि ओळखावेच. कृपाबाईंचे नाव मात्र आपल्या घरात शिरले नाही. त्या आपल्या गणतीत नव्हत्या, असेच म्हणायचे की काय?

पण वर्षभरातच तब्येत ढासळली. 1879 साली शिक्षण सोडून ती पुण्याला बहिणीकडे आली. डॉक्टर होण्याचे राहिले ते राहिलेच. पुढे सत्यनाधनांचे चिरंजीव शमुवेल यांच्याशी तिचा विवाह झाला. उटकमंडला तिने मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. एकुलते एक मूल वर्षाचे होण्याआधीच गेले. क्षयाने तिला गाठले. त्या आजारपणातही तिने 'कमला' ही दुसरी कादंबरी लिहिली. ती एका हिंदू मुलीच्या संसाराची कथा आहे. 1894 साली, बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई गेल्या.

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या बाईने शेवटच्या दिवसांत हिंदू सुनेचे दुःख लिहायला घ्यावे, याचे मला राहून राहून मोल वाटते. तिच्या आईचेही लहानपणी लग्न झाले होते, तिनेही सासुरवास भोगला होता. धर्म बदलला म्हणून आईच्या आठवणी परक्या होत नाहीत. कृपाबाईंनी त्या परक्या होऊ दिल्या नाहीत. ख्रिस्ती होण्याचा निर्णय आईबापांचा होता. पण तो वारसा घेऊन, या मातीत, कोणाहून उणे न होता कसे जगायचे, याचे उत्तर तिचे तिला शोधावे लागले, आणि ते तिने वयाच्या विशीच्या आत शोधले.

'सगुणा' इंग्रजीत लिहिलेली आहे. 1998 साली ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुन्हा छापली. इंग्रजी वाचणाऱ्या मुलामुलींना ती अवघड जाणार नाही. वाचताना एक गोष्ट करून पाहावी. राधा आणि सगुणा यांची बोलणी मनातल्या मनात मराठीत आणावीत. नगरकडच्या घरात, माजघराच्या उंबऱ्याशी, मायलेकी जशा बोलत असतील तशी ती आपोआप येतात. मग लक्षात येते, हे पुस्तक आपल्याच घरातून परगावी गेलेले आहे.