भिंतीवरची तलवार, हातातली तलवार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



मी सिनेमाच्या कलाविभागात काम केलं. मला नेहमी विचारतात, प्रॉपर्टी आणि सेट ड्रेसिंग यात फरक काय? वस्तू तर त्याच!

आपल्या शेजारी कर्जतला नितीन चंद्रकांत देसाईंनी २००५ साली स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'चं बरंच चित्रीकरण तिथलं. महालाच्या भिंतीवर नुसती टांगलेली तलवार म्हणजे सेट ड्रेसिंग. जोधा आणि अकबर ज्या तलवारी घेऊन एकमेकांशी लढतात, ती प्रॉपर्टी. ड्रेसिंग कॅमेऱ्यात बरं दिसलं की झालं. प्रॉपर्टी नटाच्या हातात जाते. तिचं वजन, धार, मूठ आधी तपासावी लागते. जोडीला दुसरी तयार ठेवावी लागते.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आठवा. गावात दगड शेकड्यांनी. शेवटी जब्या त्यातला एक भिरकावतो, तो प्रॉपर्टी होतो. फरक वस्तूत नाही, वापरात आहे.

आता आपल्या जिन्यातलं आग विझवायचं लाल सिलिंडर बघा. रोज दिसतं, पण हातात कोणी घेतलंय? पिन कशी काढायची, मुदत कधी संपते, किती जणांना ठाऊक आहे? तोवर ते सेट ड्रेसिंगच! आणि आगीला रिटेक नसतो हो.

२५ वर्षं झाली. या वर्षात प्रत्येक घरातल्या एकाने तरी ते हाताळायला शिकावं, एवढीच विनंती.