गरम गाडी सुरू होत नाही तेव्हा

पनवेलहून भर उन्हात वाशीच्या एपीएमसी मार्केटला आलात, पंधरा मिनिटांत भाजी घेतली आणि गाडी सुरूच होईना. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी मुकाट्याने सुरू होते. 2000च्या आसपासच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरवाल्या मारुती 800, सँट्रो अशा गाड्यांत हा त्रास आजही दिसतो.

इंजिन बंद केलं की त्यातलं पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते. कमजोर भाग नेमका तेव्हाच दगा देतो.

आधी चावी ऑन करून मागच्या सीटकडे कान द्या. टाकीतला पंप दोनेक सेकंद घरघरतो. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली, तर पेट्रोलचा दाब टिकत नाही असं समजा. पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर, यांपैकी काहीतरी. पेट्रोलचा उग्र वास आला, तर संशय इंजेक्टरवर.

दाब आहे, पण स्पार्कच नाही? मग इंजिन फिरतंय हे कळवणारा क्रँक सेन्सर पाहा. तापल्यावर तो सिग्नल देणं थांबवतो आणि थंड झाला की मीटरवर अगदी निर्दोष दिसतो. माझ्या मते पैसे वाया जातात ते इथेच, कारण थंड गाडी तपासून चांगला पंप बदलला जातो.

म्हणून मेकॅनिकला गाडी गरम असताना, सुरू होत नसतानाच दाखवा. आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची नळी स्वतः कधीही उघडू नका.