उष्णता कीं नुसता वेग?

अत्यंत विरल वायूंतून प्रबळ विद्युत्प्रवाह सोडला, म्हणजे अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात व उरलेल्या धनभारित अणूंस आयन म्हणतात. या तप्त मिश्रणाचें नांव प्लाझ्मा. त्यांतील आयनांची ऊर्जा मोजावी कशी? तेथें पाऱ्याच्या तापमापकाचें कांहीं चालत नाहीं. बाहेर येणारा प्रकाश व कण यांवरूनच अनुमान करावें लागतें. तें किती जपून करावें, याचा धडा इंग्लंडांतील हार्वेल येथील झीटा यंत्रानें घालून दिला.

झीटा म्हणजे एक प्रचंड पोकळ कडें. १९५७ च्या ऑगस्टांत तें चालू झालें. त्यांत ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भरून प्रवाह सोडतांच न्यूट्रॉन बाहेर पडूं लागले. सूर्याच्या पोटांतील अग्नि पृथ्वीवर पेटला, अशी आशा उत्पन्न झाली. आयन कांहीं जवळ येत, कांहीं दूर जात असले, म्हणजे त्यांच्या प्रकाशाची वर्णरेषा रुंदावते. त्या रुंदीवरून सुमारें ५० लक्ष अंश तपमान काढण्यांत आलें. १९५८ च्या जानेवारींत संस्थेचे प्रमुख सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनीं, हे न्यूट्रॉन उष्णतेचेच असल्याची आपणांस शेंकडा ९० खात्री आहे, असें सांगितलें. वृत्तपत्रांनीं जयघोष केला.

परंतु वेग म्हणजे उष्णता नव्हे. जत्रेच्या गर्दींत जो तो वाटेल त्या दिशेस धडपडतो; दिंडींतील वारकरी मात्र एकाच दिशेनें चालतात. उष्णता ही जत्रेची गति होय. आयनांची गति तशी असेल, तर न्यूट्रॉनांची ऊर्जाहि सर्व बाजूंस सारखी आढळली पाहिजे. हार्वेल येथीलच बॅसिल रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती मोजली. न्यूट्रॉनाच्या धक्क्यानें उडालेल्या प्रोटॉनाच्या वाटेवर धुक्याची रेघ उमटविणारी पेटी त्यांनीं यासाठीं वापरली. प्रवाह उलट फिरवूनहि त्यांनीं मोजमाप केलें. ऊर्जा दिशेप्रमाणें बदलत होती! विद्युत्क्षेत्राच्या रेट्यानें थोडे आयन एकाच दिशेस धांवून आदळत होते, आणि न्यूट्रॉन त्या टकरींतून निघत होते. मे १९५८ मध्यें ही गोष्ट जाहीर करण्यांत आली.

झीटाची कीर्ति ओसरली. शास्त्राची मात्र हानि झाली नाहीं. चूक शोधणारे त्याच संस्थेंतील होते, व ती त्यांनीं चार महिन्यांच्या आंत उघड केली. आयनांचा वेग किती, एवढेंच विचारून भागत नाहीं. तो कोणत्या दिशेस, हेंहि विचारावें लागतें. आणि हा प्रश्न जयघोषापूर्वीं विचारलेला बरा.