दारचें अंडें कोणाच्या ताटांत?

(गांवच्या पारावर जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाजाराच्या दिवशीं पाटींत भुसा घालून जपून रचलेलीं अंडीं आपल्या घरांतून निघतात. त्या पाटीबद्दलच आज बोलावयाचें आहे. कोंबडी आपली, दाणा आपला, मुंगसा-मांजरापासून राखण आपली. अंडें मात्र परक्याच्या ताटांत! आणि परत येतांना त्याच पाटींतून काय येतें? चहाची पुडी, आणि पोर रडतें म्हणून बिस्किटाचा पुडा. अंडें विकून मैदा-साखर विकत आणणें, हा कोठला हिशेब?

एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिन असतें, म्हणजे अंग बांधणारें सत्त्व. ज्वारीच्या भाकरींत या सत्त्वाचा जो भाग उणा असतो, तो अंडें भरून काढतें. पिवळ्या बलकांत डोळ्यांस लागणारें 'अ', हाडांस लागणारें 'ड' आणि रक्तास व मज्जातंतूंस लागणारें 'ब-१२' हीं जीवनसत्त्वें आहेत. यांपैकीं 'ब-१२' भाकरी-भाजींत मिळत नाहीं. मात्र अंडें म्हणजे कांहीं अमृत नव्हे. त्यांत 'क' जीवनसत्त्व नाहीं, चोथा नाहीं. तेव्हां पालेभाजी सुटतां कामा नये. त्यांतलें लोहही अंगीं फार लागत नाहीं. रक्त कमी असलेल्या बाईनें दवाखान्यांतल्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत.

आतां घरांत चार अंडीं शिजलीं, तर तीं कोण खातो? पहिलें घरधन्याला, दुसरें थोरल्या मुलाला, पाहुणा असला तर तिसरें त्याला. गरोदर सुनेच्या वांट्यास रस्सा. वर पुन्हा तिला सांगावयाचें, अंडें उष्ण असतें, तुला सोसणार नाहीं! नीट शिजलेल्या अंड्यानें गरोदर बाईस अपाय होत नाहीं. उलट तिला आणि पोटांतल्या जिवाला त्याची गरज सर्वांत अधिक. २०१९-२१ च्या सरकारी पाहणींत आपल्या महाराष्ट्रांत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांत ५४ बायांचें रक्त कमी आढळलें, आणि पांच वर्षांखालील दर शंभर मुलांत ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं निघालीं. हीं मुलें दुसऱ्या कोणाचीं नव्हेत.

पण अंड्याचा पैसा हा बहुधा घरांतल्या बाईचा एकुलता एक स्वतःचा पैसा. पोराची वही, मीठ-मिरची, माहेरची वाट त्यांतूनच निघते, हें आम्ही विसरलों नाहीं. 'अंडीं विकूं नकोस, खा' म्हणणारा नवरा तो पैसा भरून देणार आहे काय? सबब आमचें म्हणणें असें कीं, दहांतलीं चार अंडीं घरीं ठेवावीं, आणि त्या चारांचा तोटा पुरुषानें आपल्या तंबाखूच्या पैशांतून तिच्या हातीं द्यावा. गांवठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडीं देते. गिरिराज, वनराज या जातींच्या कोंबड्या परसांत वाढूनही शंभराहून अधिक देतात. त्यांचा विचार करावा.

तालमींतले गडी कच्चें अंडें दुधांत फेटून पितात. त्यांना वाईट वाटेल, पण कच्च्या अंड्याचें सत्त्व निम्म्याच्या आसपासच पचतें, आणि जंतूंचें भय राहतें तें निराळेंच. दहा मिनिटें उकडून खावें. कवच तांबडें कीं पांढरें, हा जातीचा भेद, ताकदीचा नव्हे. हृदयरोगाचें भय पुष्कळांस वाटतें. निरोगी माणसास रोजच्या एका अंड्यानें तो धोका वाढल्याचें दिसून आलेलें नाहीं. मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनीं डॉक्टरांस विचारावें. ज्यांच्या गळ्यांत माळ आहे, त्यांना आमचा आग्रह नाहीं. त्यांनीं डाळ, शेंगदाणे, दूध यांत हात आखडूं नये, इतकेंच.

शाळेची गोष्ट राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्यें राज्यसरकारनें शाळेच्या दुपारच्या जेवणांत आठवड्यांतून एक अंडें देण्याचें ठरविलें. न खाणाऱ्या मुलास केळें होतें. म्हणजे कोणावर सक्ती नव्हती. जानेवारी २०२५ मध्यें त्याचा पैसा थांबवून, लोकवर्गणींतून सोय करा, असें शाळांस सांगण्यांत आलें. ज्या गांवांत पोरांचे आईबाप अंडें विकून मीठ आणतात, तेथें वर्गणी कोणीं द्यावयाची?

येत्या ग्रामसभेंत हा प्रश्न आम्ही विचारणार आहों. अंड्यांच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या बायांनीं त्या दिवशीं बाजारास थोडा उशीर करावा, आणि पाटीसकट सभेंत येऊन बसावें.