फोटो लहान करता येतो, मोठा होत नाही

गटाकडे कॅमेरा आल्यापासून आम्हाला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो: "कार्डात जागा कमी आहे, फोटो लहान साइजवर काढले तर चालतील का?" आज त्याबद्दलच बोलू.

कॅमेऱ्याच्या मेनूत दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली रिझोल्यूशन, म्हणजे फोटो किती ठिपक्यांचा. रांगोळीसारखंच, ठिपके जास्त तेवढी नक्षी बारीक. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे 4000 आणि उभे 3000 ठिपके. हातात धरून पाहायच्या चांगल्या छपाईला इंचाला साधारण 300 ठिपके लागतात. म्हणजे हा फोटो 13 बाय 10 इंचांपर्यंत सुबक येतो. तोच 1600 बाय 1200 वर काढला, तर जेमतेम 5 बाय 4 इंच.

दुसरी गोष्ट क्वालिटी: फाइन, नॉर्मल वगैरे. इथे ठिपके तेवढेच राहतात, पण जेपेग फाइल दाबताना डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा कॅमेरा टाकून देतो. फार दाबली की साडीच्या काठाची नक्षी धूसर होते, चौकोनी डाग दिसू लागतात. टाकलेला बारकावा परत येत नाही. फोटो उजळवून पुन्हा सेव्ह केला की आणखी थोडा जातो. म्हणून मूळ फाइलला हात लावू नये, बदल कॉपीवर करावेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहानही होतो आणि दाबलाही जातो. मोबाइलवर बघायला तो पुरतो. पण घरातलं माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असतो, आणि हाती तेवढाच उरलेला असतो. मग चेहरा धूसर येतो. छापायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

आमचा नेम असा: साइज लार्ज, क्वालिटी फाइन. कार्ड भरलं की फोटो कॉम्प्युटरवर आणि पेनड्राइव्हवर उतरवायचे, दोन्हीकडे उघडून बघायचे, मगच कार्ड रिकामं करायचं. पापड-मसाल्याच्या ऑनलाइन विक्रीसाठी लहान कॉपी नंतर काढता येते.

तेव्हा आजच मेनू उघडून बघा. आणि घरातल्या थकल्या माणसांचा एकेक फोटो मोठ्या साइजवर काढून ठेवा.