न दिसणारा सांधा

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त डिंभे येथे झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



घोड नदीवरील डिंभे धरणाची भिंत दुरूनही नजरेत भरते. दरवाजांच्या कडेची रबरी पट्टी मात्र कोणी पाहत नाही. ती फाटली, तर एवढ्या भिंतीआडूनही पाणी गळतच राहते. संरक्षणसामग्रीतही असाच एक दुर्लक्षित सांधा आहे. त्याचे नाव वर्तुळाकार कनेक्टर.

विमानातील वीज आणि संदेश वाहणाऱ्या तारा धातूच्या या गोल कवचात परस्परांना भेटतात. अमेरिकी सैन्याच्या ३८९९९ या मानकातील एक प्रचलित प्रकार उणे ६५ ते १७५ अंश सेल्सिअस तापमान आणि ५०० तास खारट पाण्याचा फवारा सोसतो. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. कवचाच्या पाच खाचा जुळल्याखेरीज दोन भाग एकमेकांत बसत नाहीत.

तरीही शेवटी भिस्त माणसावरच. १७ नोव्हेंबर २०२० रोजी युरोपचे ‘वेगा’ रॉकेट दोन उपग्रहांसह नष्ट झाले. चौथ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेच्या केबली उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या!

पुणे-नाशिक रस्त्यावरील भोसरीत असे कनेक्टर तयार होतात. राबणारे हात आपले आहेत; कारखाना मात्र अमेरिकी ‘ॲम्फेनॉल’ समूहाचा आहे. रोजगाराचे स्वागत करतानाच १९९८ चे स्मरण ठेवले पाहिजे. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि आपल्या हलक्या लढाऊ विमानासाठी तेथे काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांना परतावे लागले. त्यांनी उर्वरित काम मायदेशी पूर्ण केले. ४ जानेवारी २००१ रोजी ते विमान आकाशात झेपावले. पुढे त्याचे नाव ‘तेजस’ झाले. वस्तू येथे घडणे ही पहिली पायरी. तिचे ज्ञान आणि आराखडा आपला असणे, हे खरे स्वावलंबन.

ते ज्ञान हातापासून सुरू होते. पिन तारेवर दाबून बसवल्यावर तिच्या अंगावरील बारीक छिद्रातून आतली तार दिसावी लागते. न दिसल्यास तो जोड बाद. एकदा पिन कवचात गेली, की चूक झाकली जाते आणि ती कदाचित सीमेवर, ऐन प्रसंगी उघडी पडते.

भोसरी-चाकणच्या वाटेने निघालेल्या या खोऱ्यातील तरुणांनी एवढेच लक्षात ठेवावे : निरीक्षक पाठमोरा असतानाही त्या छिद्रात डोकावून पाहणे, हेच विश्वकर्म्याचे पूजन आणि हीच राष्ट्रसेवा.